काचेमागचे दोन आवाज

"नदीच्या..." एवढं बोलून ती थांबली.

काचेच्या चिमुकल्या खोलीत ती माइकसमोर बसली होती. खाली सभागृहात नद्यांवरची परिषद चालू होती. मंचावरचा पाहुणा आपल्या भाषेत बोलत पुढे निघाला होता आणि सभागृहातली माणसं कानाला हेडफोन लावून त्याचं बोलणं तिच्या तोंडून ऐकत होती. नदीच्या काय? पाणी संपतं, जमीन सुरू होते, तिथे गावं वसतात. ती जागा तिला डोळ्यांसमोर लख्ख दिसत होती. शब्द तेवढा येत नव्हता.

तिने शेजारी बसलेल्या बाईंच्या मनगटावर हात ठेवला.

"...काठावरची गावं," असं म्हणत दुसरा आवाज त्याच वाक्यात शिरला आणि सरळ पुढे चालू लागला. खाली कोणी मानही वर केली नाही.

हा दुसरा आवाज आक्कांचा. दोघी दुभाषी. आळीपाळीने बोलायचं आणि एक बोलत असताना दुसरीने कान देऊन तयार राहायचं, हे त्या कित्येक वर्षं करत आल्या होत्या. आक्का संथ, नेमक्या. वाक्य पूर्ण झाल्याशिवाय तोंड उघडायच्या नाहीत. हिला सगळे भिंगरी म्हणत. वक्त्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच ते कुठे जाणार हे हिला कळायचं. विनोद तर ती असा उचलायची की दोन्ही भाषांची माणसं एकाच क्षणी हसत. परदेशी पाहुणे जाताना काचेकडे बघून हात हलवायचे, ते हिच्यासाठी.

आपल्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी न ठरणं ही मेंदूचीच ठेवण आहे, हे भिंगरीला तिशी उलटल्यावर कळलं होतं. त्याआधी ती नुसतीच वेंधळी होती. घरी भाजी करपायची, कुलूप उघडं राहायचं, पण काचेच्या आत मन टाचणीच्या टोकावर उभं राहायचं. गोळ्या सुरू झाल्यावर घरचंही बरंच सावरलं होतं.

आणि वर्षभरापासून सगळं पुन्हा निसटायला लागलं होतं. मागच्या महिन्यात ती परगावच्या कामाला निघाली आणि लेकीची खेळाची बॅग घेऊन पोचली. आत कपड्यांऐवजी बूट आणि गुडघ्याचे पट्टे. सगळ्यांबरोबर तीही हसली होती. आज मात्र तिला हसू येत नव्हतं.

सुट्टी झाल्यावर ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. आक्का कठड्याला धरत खाली आल्या आणि शेजारी टेकल्या.

"आक्का, मी काम सोडते."

"बरं."

"बरं काय? मी खरंच सांगतेय. काठ! पोरं पहिलीत शिकतात तो शब्द. उद्या औषधाचं नाव चुकलं, एखाद्या कराराचं कलम चुकलं तर?"

"तुझे डॉक्टर काय म्हणतात?"

"ताण आहे म्हणतात. गोळी वाढवली. काडीचा फरक नाही."

"आणि पाळी?"

"तिचं काय मध्येच?"

"मला विचारशील तर तिचंच सगळं आहे," आक्का म्हणाल्या. "मी त्यातून गेलेय. आणि माझं डोकं तर मुळात बैलगाडी. तुझं विमान. ते डगमगलं तर जास्तच जाणवणार. जाऊन ये एकदा. मग खुशाल सोड."

स्त्रीरोगतज्ज्ञ वयाने हिच्यापेक्षा लहान निघाली. तिने आधी पेन खाली ठेवलं आणि मग विचारलं, "पाळी कशी आहे?"

"लहरीवर. कधी महिना महिना दांडी मारते, कधी आगंतुकासारखी दारात हजर."

"आणि लक्ष? पाळीच्या आधीचे दिवस पहिल्यापासून जड जायचे?"

भिंगरीला आठवेना. "गरोदर होते तेव्हा मात्र डोकं फार छान चाललं," ती सावकाश म्हणाली. "सगळ्यात अवघड परिषद मी आठव्या महिन्यात केली. आणि बाळंतपणानंतर एक वाक्य धड जुळत नव्हतं. मला वाटलं, जागरणं."

"जागरणं असतीलच. पण इस्ट्रोजेन हे संप्रेरक नुसतं पाळीपुरतं नसतं," डॉक्टर म्हणाली. "मेंदूत लक्ष टिकवणाऱ्या डोपामिनचं काम नीट चालायला त्याची मदत होते, आणि एडीएचडीत तिथेच ओढाताण असते. पाळीच्या तोंडावर ते उतरतं, बाळंतपणानंतर एकदम कोसळतं, आणि तुमच्या वयात, पाळी जायच्या आधीच्या वर्षांत, त्याचा काही भरवसाच नसतो. मग तीच गोळी कमी पडल्यासारखी वाटू शकते."

"मग हे मला आजवर कोणी सांगितलं का नाही?"

"कारण बायकांना कोणी फारसं विचारलंच नाही. अभ्यास आत्ता कुठे सुरू झालेत. मलाही सगळं माहीत नाही. पण तुमच्या डॉक्टरांशी मी बोलते, दोघं मिळून बघू."

भिंगरीने मान हलवली. पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. रुमाल तिच्या हातातच होता.

दुसऱ्या दिवशी तिने आक्कांना सगळं सांगितलं. "पाळीच्या आधी जड जायचं का, असं विचारलं तिने. मला काही आठवलंच नाही."

"जायचं," आक्का म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत?"

"त्या दिवसांत तुझा पाय थांबायचा नाही. टेबल हलायचं, माझी पेन्सिल घरंगळायची."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुलाच ठाऊक नव्हतं. आकड्यांची भाषणं तेवढी मी घ्यायचे."

अंदाजपत्रक, खर्चाचे अहवाल, टक्केवारीने गच्च भरलेली भाषणं आक्का कितीदा तरी आपल्याकडे ओढत. वयाचा मान म्हणून भिंगरीने कधी हरकत घेतली नव्हती. पण मोठमोठे मंत्री त्याच सत्रांना बोलायचे, आणि ते तिला मनातून लागायचंही.

"मला वाटायचं, तुम्हाला आकडे आवडतात."

"मला?" आक्का हसल्या. "अगं, गणितात मी दोनदा नापास झालेय. आदल्या दिवशी आकडे घोकत बसायचे. नवरा म्हणायचा, या वयात कसली परीक्षा देतेस?"

भिंगरीने आक्कांचा रिकामा कप उचलला, त्यांच्यासाठी पुन्हा कॉफी आणली आणि साखर घालायला विसरली. आक्कांनी ती तशीच प्यायली.

पुढचे काही महिने औषधं बदलण्यात गेले. त्वचेवर चिकटवायच्या संप्रेरकांच्या पट्ट्या आल्या, गोळीची वेळ बदलली, मात्रा एकदा वाढली आणि पुन्हा खाली आली. या काळात तिने छोट्या बैठका घेतल्या, मोठ्या नाकारल्या. जादू काही झाली नाही. पण हळूहळू शब्द परत येऊ लागले. एखादा उशिरा यायचा, तोवर ती त्याच्या शेजारचा घेऊन वेळ मारून न्यायची. त्या वर्षीच्या आरोग्य परिषदेत एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने भर भाषणात बायकोवर कोटी केली, तेव्हा सगळं सभागृह एकदम हसलं. आक्कांनी आपला माइक बंद आहे ना ते पाहिलं आणि हळूच टाळी वाजवली.

हिवाळ्यातल्या एका सकाळी संयोजक काचेच्या खोलीत डोकावला. हातात कार्यक्रमपत्रिका, चेहऱ्यावर घाई.

"उद्घाटनाला मॅडम तुम्हीच ना? पाहुण्यांनी खास तुमचं नाव घेतलंय."

भिंगरीने हेडफोन गळ्यात घातला होता. टेबलाखाली तिचा पाय हलत होता. तिने क्षणभर त्या पायाकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "आज आधी आक्का. माझं डोकं आज जागेवर नाहीये. दुपारपर्यंत येईल, मग मी आहेच."

संयोजकाला हा विनोद वाटला. तो मोठ्याने हसला आणि "काय मॅडम तुम्ही पण!" म्हणत निघून गेला.

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी आपली खुर्ची माइककडे ओढली.