एका चुकीचे तीनशे दाखले

आमचे हे डॉक्टर आहेत, पण ताप आला तर यांच्याकडे जाऊ नये. हे प्रयोगशाळेत काचेच्या बशीत पेशी वाढवतात. वीस वर्षं वाढवताहेत. गॅलरीतलं एक रोप मात्र यांच्या हातून जगलेलं नाही.

यांच्या धंद्यात माणसाची किंमत ठरते ती दाखल्यांवरून. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या शोधनिबंधाचा उल्लेख दुसऱ्यांनी आपल्या निबंधात किती वेळा केला, त्यावरून. यांच्या एका निबंधाला तीनशेच्या वर दाखले. बाकीच्या निबंधांचं विचारूच नका. तो आकडा सासऱ्यांना तोंडपाठ. दूधवाला, न्हावी, लिफ्टमध्ये अडकलेला शेजारी, त्यांनी कुणालाच सोडलं नाही.

यंदा यांची प्रोफेसरपदाची मुलाखत होती, आणि ही शेवटची संधी. पद हुकलं की प्रयोगशाळा दुसऱ्याच्या ताब्यात जाणार आणि हे निवृत्त होईपर्यंत परीक्षांची वेळापत्रकं लावत बसणार. मी मात्र त्या आकड्याच्या जिवावर निवांत होते.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी लेक कॉलेजातून आली ती बॅग सोफ्यावर आपटूनच. तीही हाच विषय शिकते.

"आई, आज सरांनी बाबांचा निबंध शिकवला."

"बघ! मी म्हणत नव्हते?"

"असं करू नये, याचं उदाहरण म्हणून. मी मान खाली घालून बसले. नशीब, सरांना आपलं आडनाव धड घेता येत नाही."

मी यांच्याकडे पाहिलं. हे चहा ढवळत होते. त्यात साखर घातलेलीच नव्हती.

"खरं आहे ते," हे म्हणाले. माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशी म्हणून ज्यांच्यावर यांनी औषध तपासलं, त्यांत कुठून तरी उंदराच्या पेशी मिसळल्या होत्या. त्या भराभर वाढल्या, माणसाच्या पेशींना त्यांनी बशीतून हुसकून लावलं, आणि औषधाचा गुण आला तो उंदराला.

"आणि हे तीनशे लोक?"

"तेच लिहितात. पेशी आधी तपासून घ्या, नाहीतर असं होतं."

"अहो, म्हणजे तीनशे जणांनी तुम्हाला नावं ठेवली आणि तुमचे वडील ती गावभर वाटत फिरताहेत?"

"चूक मीच शोधली गं," हे हळूच म्हणाले. "नंतर खुलासा लिहून छापलाही."

"त्याला किती दाखले?"

"चार. त्यातले दोन माझेच."

मी कपाळावर हात मारला. "उद्या तोंड उघडायचं नाही. ते आकड्याकडे बघतील, तुम्ही भिंतीकडे बघा."

"बरं," हे म्हणाले. यांचं बरं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"झालं! मारून घेतलात पायावर धोंडा!"

"ऐक तर. मी म्हटलं, हे दाखले माझ्या चुकीचे आहेत. समितीचे अध्यक्ष म्हणाले, चुकीला तीनशे, मग बरोबर आलं असतं तर केवढे! सगळे हसले. आणि मला पद दिलं."

"दिलं?" सासरे आतून धावतच आले आणि तसेच फोनकडे पळाले.

मला हसू आवरेना. पण यांचं तोंड पडलेलंच.

"चूक कुणी शोधली, एवढं तरी विचारतील असं वाटलं होतं. एकानंही विचारलं नाही गं."

माझं हसू तिथंच विरलं. त्या समितीचा असा राग आला की काय सांगू.

"मी विचारलं," लेक दारातून म्हणाली.

"कुणाला?"

"सरांना. आज वर्गात हात वर केला. म्हटलं, ती चूक कुणी शोधली, ठाऊक आहे का? त्यांना नव्हतं ठाऊक. मग मीच सांगितलं. ते माझे बाबा आहेत, हेही सांगितलं."

"मग?" यांचा आवाज चिरकला.

"मग म्हणाले, यापुढे तो खुलासा आधी शिकवेन. आणि आडनाव नीट विचारून घेतलं."

यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागले. त्या काही लवकर सुटेनात.

आतून सासऱ्यांचा फोनवरचा आवाज आला, "अहो, तीनशेच्या वर! तीनशेच्या!"

"बाबा," हे खाली वाकूनच ओरडले, "चार सांगा, चार!"

"आता पाच," लेक म्हणाली.