दुसरी साक्ष

"आज कुणाला साक्ष द्यायची आहे?" चर्चमध्ये पाळकांनी विचारलं. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. दर रविवारी कुणी ना कुणी उठतं. कुणाचा खोकला गेलेला असतो, कुणाची किल्ली सापडलेली असते. पण आज माझ्या नणंदबाई उठणार होत्या. ताई कालपासून चार वाक्यं पाठ करत होत्या, आणि ती ऐकून ऐकून मलाही पाठ झाली होती.

मी याआधी एकदाच साक्ष दिली होती. तीही चौकशीच्या साहेबांपुढे, एका शब्दाची.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात आम्ही दोघी कामाला होतो. चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या रोलरपुढे एक आडवी दांडी असते. हात तिला लागला की यंत्र जागच्या जागी थांबतं. पण चादरीची घडी लागली तरी थांबतं, आणि मी मुलखाची उतावळी. अभ्र्याची एक नाडी घेतली आणि दांडी वर बांधून टाकली. मग चहाला गेले. माझ्या जागी ताई उभ्या राहिल्या. त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

किंकाळी ऐकून धावत आले. यंत्र बंद केलं, नाडी सोडून खिशात घातली आणि मग मदतीसाठी ओरडले. ओरडणं तिसऱ्या नंबरला.

ताईंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. साहेबांनी मला विचारलं, "दांडी सुटी होती?" मी म्हणाले, "होती." मग ताईंनीच दांडीवरून हात आत घातला असणार असं ठरलं, कागदावर 'स्वतःचा हलगर्जीपणा' असा शेरा पडला आणि त्यांची नोकरीही गेली. माझा नवरा त्यांचा सख्खा भाऊ. तो अजून जेवताना म्हणतो, "ताई, तुझं लक्ष तरी कुठे होतं गं?" त्या मान खाली घालतात. मी ताटात बघते.

ताई उभ्या राहिल्या. "वर्षभर मी स्वतःला दोष देत होते. पण माझ्या निष्काळजीपणाची प्रभूने मला क्षमा केली."

"आमेन!" सगळे म्हणाले. पहिल्या बाकावरचे आजोबा, ज्यांना काही ऐकू येत नाही, ते सगळ्यांत मोठ्याने.

दुसऱ्यांचं पाप प्रभूने आपल्या अंगावर घेतलं, हे आम्ही दर रविवारी गातो. पण त्याने ते आपणहून घेतलं होतं. माझं पाप मी ताईंच्या गळ्यात मारलं होतं, आणि त्या बिचाऱ्या त्याची माफी मागत होत्या. मग माझ्यासाठी कोण मागणार?

"माझी भावजयही होती तिथे," ताई समोरून हसून म्हणाल्या. "ऊठ गं, तूही दोन शब्द सांग."

उठले. नोकरी जाईल, नवरा घराबाहेर काढेल, ताई पुन्हा तोंड बघणार नाहीत. देवा, आता तूच सांभाळ, असं मनात म्हणाले आणि बोलून टाकलं.

"दांडी सुटी नव्हती. मी बांधली होती. साहेबांपुढे मी खोटं बोलले."

ताई आपल्या हाताकडे बघत राहिल्या.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"नाही, ताई. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

त्या रडल्या. इस्पितळाच्या खाटेवरही त्या अशा रडल्या नव्हत्या. मग पदराने तोंड पुसलं.

"माफ केलं असं आत्ता म्हणवत नाही मला. म्हणायचंय, पण तोंडातून निघत नाही." त्यांनी विचारलं, "उद्या हेच साहेबांपुढे सांगशील?"

"सांगेन."

"मग एकटी जाऊ नकोस. मी येते बरोबर."

भीती होतीच, पण वर्षभरात पहिल्यांदा छातीवरचं ओझं हललं. पाळक पुढचं गीत सांगायचं विसरून गेले होते. ताई बाकाशी आल्या. मला वाटलं, आता दुसरीकडे जाऊन बसतील.

"सरक जरा," त्या म्हणाल्या.

मी सरकले.