सतरा नंबरचं मशीन

“मॅडम, ह्ये बघा, परत अडकलं!”

सृष्टीनं कीबोर्डवरचे दोन्ही हात वर उचलले. पडद्यावर एक जाडजूड हत्ती इवल्याशा गाडीत कसाबसा बसला होता. वळणावर ती गाडी जागच्या जागी थबकली, मग एकदम चार हात पुढं उडी मारून भिंतीवर जाऊन आदळली. मागून येणारी सगळी जनावरं आपापल्या गाड्यांतून तिला ओलांडून पसार झाली.

“शेवटचा नंबर,” सृष्टी म्हणाली. “मी दाबलं कवाच, पन ह्याला कळतंय उशिरा.”

रजिया आपल्या टेबलावरून उठली आणि तिच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. सृष्टीनं डावं बटण दाबलं की हत्ती वळायला पुरा एक श्वास घेत होता. सतरा नंबरचं मशीन आजारी आहे असं म्हणावं, तर अठरा आणि एकोणीस नंबरवर आदल्या दिवशी हीच गत झाली होती.

लातूरच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात रजिया लॅब असिस्टंट होती. पहिल्या मजल्यावरची खोली, वीस कॉम्प्युटर, वीस निळ्या खुर्च्या. परवान्याचा खर्च नको म्हणून संस्थेनं सहा वर्षांपूर्वी सगळ्यांवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घातली होती. मुलं मात्र फक्त कॉलेजच्या पटावर होती. ती दिवसभर असायची ट्यूशनच्या गल्ल्यांत, जिथं प्रत्येक खांबावर गेल्या वर्षीच्या टॉपरचा हसरा फोटो लटकलेला असे. लॅबची आठवण व्हायची ती बोर्डाच्या प्रॅक्टिकलला. तरी रजिया रोज दहाला येऊन कव्हरं काढायची, वीसही मशीन सुरू करायची आणि संध्याकाळी एकेक बंद करून जायची. न वापरलेली वस्तू लवकर बिघडते, हे तिनं लहानपणीच पाहिलं होतं. तिचे वडील लालमहंमद गंजगोलाईच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे.

सृष्टी पहिल्यांदा आली ती जानेवारीतल्या एका दुपारी. “प्रिंट काढायचीय” म्हणाली. प्रिंट काढलीच नाही. कोपऱ्यातल्या सतरा नंबरवर दोन तास नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिला तो फुकटचा खेळ सापडला. देवणीकडच्या खेड्यातली, बारावीची पोरगी. डॉक्टर व्हायला लातूरला आलेली. क्लासच्या वेळेला ती इथं असते हे रजियाला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तिनं विचारलं नाही. पोरगी बोलायचीच नाही मुळी. तोंडातून काही निघायचं ते या हत्तीपायी. “अर्रर्र” नाहीतर “ये की मर्दा!” ते ऐकू आलं की रजिया हजेरीपटात मान घालून हसायची.

म्हणूनच तो खेळ असा धापा टाकत चाललेला तिला बघवेना.

“थांब, मी बघते,” ती म्हणाली आणि वही काढली. लिनक्स तिला कुणी शिकवलं नव्हतं. जे अडेल ते ती वहीत लिहायची आणि सुटलं की शेजारी बरोबरची खूण करायची.

आधी तिनं मागं चाललेले बाकीचे प्रोग्राम बंद केले. काही फरक नाही. मग खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन सावल्या काढल्या, पाण्याची चमक काढली, झाडं काढली. हत्ती जरा बरा पळाला.

“मॅडम, समदी झाडंच गेली की.”

“हाव गं. उघड्या माळावर कसली शर्यत?” रजियानं सगळं पुन्हा होतं तसं केलं.

मग तिनं नांदेडला फोन लावला. तिच्या बहिणीचा मुलगा आसिफ तिथं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्यानं एक आज्ञा टाइप करायला सांगितली. पडद्यावर चित्र नेमकं कोण काढतंय, हे तिनं मशीनलाच विचारायचं होतं. उत्तर आलं, ते तिनं एकेक अक्षर वाचून दाखवलं.

“खाला, तुमारा ग्राफिक्स तो सोया हुआ है,” आसिफ म्हणाला. “पूरा काम प्रोसेसर अकेला कर रहा. जरा वो सुरू होने की लाइन पढो.”

मशीन सुरू होताना ज्या सूचना घेतं ती ओळ रजियानं उघडली. शेवटी एक जोडशब्द होता. “नोमोडसेट,” तिनं वाचलं.

पलीकडून हसू आलं. “या अल्ला! वो अबतक हैच क्या उधर? मैं बोल्या था ना खाला, दो दिन के वास्ते है करके!”

रजियाला लख्ख आठवलं. सहा वर्षांपूर्वी मशीन नवी आली तेव्हा लिनक्स घातल्यावर पडदे काळे पडत होते. तेव्हा आसिफनंच फोनवरून हा शब्द सांगितला होता. त्याचा अर्थ एवढाच, की ग्राफिक्सच्या चिपला हात लावू नकोस, जेवढं जमेल तेवढं तिच्याविना भागव. पडदे उजळले, सगळ्यांना हायसं वाटलं. पुढं दुरुस्त केलेलं नवं लिनक्स आलं, तेही तिनं घातलं. पण तो शब्द काढायचा राहून गेला. वीस मशीनवर, वीस वेळा, तिनं स्वतःच्या बोटांनी टाइप केलेला शब्द. सहा वर्षं वीस चिपा हाताची घडी घालून बसल्या होत्या.

तिचं तोंड उतरलेलं पाहून सृष्टी म्हणाली, “मॅडम, जाऊ द्या. खेळ तर हाय नुसता.”

“खेळाचं न्हाई गं,” रजिया म्हणाली. “चुकीचं लिवलेलं तसंच राहिलं, त्याचं वाटतंय.” आणि कधी कुणाला न सांगितलेली गोष्ट तिनं त्या पोरीला सांगितली.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा रजिया एकवीस वर्षांची होती. मराठी टायपिंगची परीक्षा नुकतीच पास झालेली. त्या दिवसांत एका सरकारी ऑफिसात रोजंदारीवर टायपिस्ट हव्या होत्या. काम एकच, गावोगावच्या मयतांच्या याद्या. अनुक्रमांक, नाव, वय, गाव. सकाळी दहापासून ती नावं बडवायची. पहिले दोन दिवस डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान मागं करून टाइप केलं, मग बोटं आपोआप चालायला लागली. एका दुपारी डोक्याला पट्टी बांधलेली एक बाई टेबलासमोर येऊन उभी राहिली. केवळाबाई तिचं नाव.

“लेकी, माझं नाव त्यात हाय म्हनं,” ती म्हणाली. “मी तर जिती हाय.”

शेजारच्या कारकुनानं अर्ज करा म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात या म्हणाला. रजियानं यादी काढली. दोनशे चौदावं नाव. वय तीस. हातानं लिहून आलेल्या कागदावर ते शेजारच्या जखमींच्या रकान्यात होतं; चूक तिच्याच बोटांची होती. तिनं कुणाला न विचारता ते पान फाडलं, नवा कागद चढवला आणि ते नाव गाळून पुढचे सगळे अनुक्रमांक बदलत तीन पानं पुन्हा टाइप केली. चहाची सुट्टी गेली, जेवणाची गेली. केवळाबाई तोवर भिंतीला टेकून बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. नव्या पानावरून तिनं बोट फिरवलं.

“आता हाय का मी ह्यात?”

“न्हाई. तुमी न्हाईत आता.”

“बरं झालं बाई,” केवळाबाई म्हणाली, आणि तिथंच पहिल्यांदा रडली.

सृष्टी ऐकत होती. पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “मग काढा की त्यो शब्द.”

प्रॅक्टिकल आठ दिवसांवर होती आणि प्राचार्यांनी मशीनला हात लावायचा नाही अशी ताकीद दिलेली होती. आसिफनं मात्र सोपी वाट सांगितली. आधी एकदाच, एका सुरुवातीपुरता शब्द काढून पाहायचा. पडदा काळा पडलाच, तर बटण दाबून पुन्हा सुरू केल्यावर तो आपोआप परत येणार होता.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास रजियानं सतरा नंबर बंद करून पुन्हा सुरू केलं. ती ओळ उघडली. शेवटच्या शब्दाचं एकेक अक्षर खोडलं. पडदा काळा झाला. काळाच राहिला. सृष्टीनं रजियाच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं, हे दोघींच्याही ध्यानात नव्हतं.

मग पडदा उजळला. आणि पहिल्यांदा फरक दिसला तो खेळात नव्हे, साध्या अक्षरांत. ती बारीक, कोरीव झाली होती. सहा वर्षं पोरांनी या पडद्यावर फुगलेली, धुरकट अक्षरं वाचली होती आणि ती तशीच असतात असं सगळ्यांना वाटत होतं.

“लाव तुझा हत्ती,” रजिया म्हणाली.

हत्ती पळाला. असा पळाला, की सृष्टीला पहिलं वळण सावरेना. झाडं भराभरा मागं जात होती, पाणी चमकत होतं. रजियानं तो बदल कायमचा केला, वहीत बरोबरची खूण केली, आणि सृष्टीनं तिला ओढूनच शेजारी बसवलं. एका कीबोर्डवर दोघींना खेळता येत होतं. पडद्याचे दोन भाग होत आणि तरी आता काही अडत नव्हतं. रजियानं शेळी घेतली. शेळी सुटली ती उलट्या दिशेनं.

“मॅडम, मागं कुठं! इकडं, इकडं!”

“अगं, ही ऐकतच न्हाई माझं!”

सृष्टी हसत सुटली. पोट धरून, कीबोर्डवर वाकून हसत राहिली. रजियाच्या हसण्याला आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाणी येत होतं. दारात कुणी उभं आहे, हे त्यांना बऱ्याच वेळानं कळलं.

पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

“पप्पा,” सृष्टी म्हणाली आणि उभी राहिली.

वैजनाथ आत आले नाहीत. उंबऱ्यातूनच बोलले, ते रजियाकडं पाहून. “क्लासवाल्यांचा फोन आला. अकरा दिवस झाले, पोरगी येऊन न्हाई राहिली म्हनले. होस्टेलात इचारलं तर सकाळीच दप्तर घेऊन जाते म्हनले. मंग जाते कुठं?” त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “आधी सरकारी दवाखान्यात जाऊन बघून आलो.”

रजिया खुर्चीवरून उठली.

प्रॅक्टिकलची तयारी करत होती असं सांगणं सोपं होतं. सृष्टीनंही त्याच आशेनं तिच्याकडं पाहिलं. रजिया म्हणाली, “इथंच असते रोज. माझ्यासमोर. क्लास बुडवती हे मला म्हाईत होतं, दादा. मी तिला हाकललं न्हाई.”

“का न्हाई हाकललं?”

“हाकललं असतं तर कुठं गेली असती, ते मला म्हाईत नव्हतं.”

वैजनाथ आत आले आणि पहिल्या निळ्या खुर्चीवर मटकन बसले. सृष्टी त्यांच्याजवळ गेली, पण फार जवळ नाही.

“पप्पा, मला व्हईना झालंय. पुस्तक उघडलं की अक्षरंच दिसंनात.”

“मंग सांगायचं न्हाई व्हय?”

“कसं सांगू? तुमी समद्या गावाला सांगून बसलाव, डॉक्टरीन होनार म्हनून.”

वैजनाथांनी मान खाली घातली. पिशवीतून आणलेला डबा काढून टेबलावर ठेवला, उघडला नाही. “गाव काय,” ते म्हणाले, “गाव इसरतंय चार दिसांत. तू घरी चल.”

थोड्या वेळानं त्यांची नजर पडद्यावर गेली. “ह्यो हत्ती कोन?”

“मी.”

“आन् शेळी?”

“मॅडम.”

“मॅडमची लईच मागं हाय की,” वैजनाथ म्हणाले. ते हसत होते.

सृष्टी त्याच दिवशी बापाबरोबर गेली. प्रॅक्टिकलला येऊन गेली, सतरा नंबरवरच बसली. बोर्डाची परीक्षा दिली, डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दिलीच नाही. पुढं उदगीरला बी.ए.ला लागली. ईदला तिचा फोन आला, तेव्हा मागून म्हशींचा आवाज येत होता आणि पोरगी तोंडाला खीळ नसल्यासारखी बोलत होती.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये संस्थेनं लॅबची खोली एका क्लासला द्यायचं ठरवलं. भिंत पाडून दीडशे बाकं बसणार होती. मशीन अडगळीच्या खोलीत जाणार होती. “तुम्हाला ऑफिसात घेतलंय, काळजी करू नका,” प्राचार्य म्हणाले. रजियानं मान डोलावली आणि वर येऊन एक नंबरच्या मशीनसमोर बसली. रोज दोन, कधी तीन. प्रत्येकाची ती ओळ उघडायची, शब्द काढायचा, बंद करून सुरू करायचं, पडदा उजळेपर्यंत थांबायचं.

एकदा प्राचार्य दारातून डोकावले. “आता कशाला मॅडम? जायचीच आहेत ना ती?”

“चूक माझी हाय, सर,” ती म्हणाली.

विसावं मशीन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हमाल आले. पाट्या आणि दोऱ्या घेऊन तिघं दारात उभे राहिले. वीसही पडदे सुरू होते. पुढच्या हमालानं वायर ओढायला हात घातला.

“थांबा जरा,” रजिया म्हणाली. “नीट बंद होऊ द्या.”

ती एक नंबरपासून निघाली. बटण दाबलं, आतला पंखा थांबेपर्यंत, छोटा हिरवा दिवा विझेपर्यंत तिथंच उभी राहिली, कव्हर चढवलं, चारी कोपरे ओढून सारखे केले. मग दोन नंबर. हमालांनी एकमेकांकडं पाहिलं आणि पाट्या भिंतीला टेकवून ते खाली बसले.