सध्या बघणारे : एक

रविवारी पोहे खाताना बाबा म्हणाले, "कांचन, तू नेमकं करतेस काय, ते मला अजून कळलेलं नाही."

बरखेड्यातल्या, म्हणजे कारखान्याच्या हिंदी मुलखातल्या टाउनशिपमधल्या, आमच्या गणेशोत्सव मंडळाची वेबसाइट मी तेव्हा करत होते. बाबा कारखान्यात इन्स्पेक्शनला, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगितलं. डिझायनर ड्रॉइंग काढतो. फ्रंटएंडवाला डोळ्यांना दिसणारं घडवतो, पानं, बटणं. बॅकएंडवाला आतली यंत्रणा बसवतो; माहिती कुठे ठेवायची, कशी शोधून द्यायची. सर्व्हर सांभाळणारा आणखी वेगळा.

"आणि तपासतो कोण?"

"टेस्टर. पण इथे सगळं मीच."

"स्वतःचा माल स्वतःच पास? आमच्याकडे नोकरी जाईल!"

मग साइटचा कच्चा, चाचणीपुरता पत्ता फक्त त्यांना दिला. बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर ते दुपारभर बसले. कारखान्याच्या शॉपमध्ये, यंत्रांच्या आवाजात शेरा द्यावा तसे ओरडले, "आरतीच्या वेळांचं बटण मोबाइलवर दबत नाही. फिर से करके लाओ!"

वर म्हणाले, "आमचे कारागीर माल आणला की विचारतात, साहब, पास है क्या? तू कधी विचारत नाहीस."

"तुम्ही न विचारताच सांगता."

ते खूप हसले. सोमवारी ड्यूटीवर गेले आणि शॉपमध्येच कोसळले.

तेराव्यानंतर मंडळाचे नीळकंठकाका येऊन गेले. "सावकाश कर गं. पण गणपती तोंडावर आलेत."

लॅपटॉपवर साइटची देखरेखीची खिडकी उघडली. तिथे लिहिलेलं होतं, सध्या बघणारे : एक.

मी साइट अजून उघडलीच नव्हती.

बाहेरच्या खोलीत गेले. आईने कॉम्प्युटरवर विणलेला रुमाल टाकला होता. पडदा काळा, खालचा डबा मात्र घुमत होता. बाबा नेहमी पडदाच तेवढा बंद करायचे. टाउनशिपची वीज जात नाही. त्यांनी उघडलेलं पान आत अजून चालू होतं. त्या आकड्याचं कारण मला समजलं, तो माझा धंदाच आहे. तरी बटण बंद करायला हात गेला नाही.

त्या एकाच्या सोबतीने मी काम करत राहिले. चूक झाली की मागे बाबांचा चष्मा कपाळावर सरकल्यासारखं वाटायचं. मी वळून बघत नसे.

आज साइट पक्क्या पत्त्यावर जायची आहे. कच्चा पत्ता बंद होईल, मग तो एकही उरणार नाही. मोबाइलवर आरतीच्या वेळांचं बटण दाबलं. दबलं. वेळा समोर आल्या.

कॉम्प्युटरवरचा रुमाल काढून मी पडदा सुरू केला. रिकाम्या खुर्चीमागे उभी राहिले, आणि मोठ्याने विचारलं,

"साहब, पास है क्या?"