हातांची जोडी

वॉर्डातल्या मावशींनी कंडक्टरांचा लुळा उजवा हात पांघरुणाखालून बाहेर काढला, सलाइन लावलेल्या डाव्या हाताजवळ आणला आणि दोन्ही तळवे एकमेकांना लावून छातीवर ठेवले. भिंतीवरच्या स्पीकरमधून प्रार्थना सुरू झाली होती. सरकारी इस्पितळातल्या या वॉर्डात रोज संध्याकाळी ती लागायची आणि सगळे हात जोडायचे. ज्यांना जमत नसे त्यांचे मावशी जोडून देत, अगदी मायेने, आईने लेकराच्या सदऱ्याची बटणं लावावीत तसे.

कंडक्टरांची बायको चहाचा थर्मास घेऊन दारातच थबकली. वॉर्डातले सगळे तिला आजी म्हणत. लग्न झाल्यापासून आजींनी देवाकडे एकच मागणं लावून धरलं होतं, की या माणसाने एकदा तरी हात जोडावेत. ते आज जोडलेले दिसत होते. त्यांचा ऊर भरून आला, खोटं कशाला बोला.

कंडक्टर हट्टी खरेच. लेकीच्या लग्नातसुद्धा सगळे डोळे मिटून उभे असताना हे हात पाठीमागे बांधून पंख्याकडे बघत होते. डेपोत पहिली बस सुटण्याआधी प्रार्थनेची सक्ती झाली, तेव्हा यांनी अर्जावर अर्ज करून साहेबांना भंडावून सोडलं आणि शिक्षा म्हणून खडकाळ रस्त्यांच्या फेऱ्या पदरात पाडून घेतल्या. शेवटी ज्याला नको त्याने बाहेर थांबावं, असा हुकूम निघाला. बाहेर थांबणारे अर्थात हे एकटेच. चारचौघांसारखं उभं राहिलं तर अंगाला भोकं पडणार होती का, असं आजींनी तेव्हा फणकाऱ्याने विचारलं होतं.

"घरात तुझा देव आहे, माझी कधी ना आहे का?" ते म्हणाले होते. "पण बस सरकारची आहे. तिच्यात सगळेच बसतात."

आजी खाटेजवळ आल्या. झटका आल्यापासून कंडक्टरांची वाचा गेली होती. ते आपल्या जोडलेल्या हातांकडे बघत होते, दुसऱ्याच कुणाची वस्तू छातीवर आणून ठेवावी तसे. डाव्या हातातही जोर उरला नव्हता, त्याचं एक बोट तेवढं हलत होतं. आजींना आधी वाटलं, प्रार्थनेच्या तालावर हलतंय. मग नीट पाहिलं. ते बोट उजव्या तळव्याला लोटत होतं. लोटायचं, दमायचं, पुन्हा लोटायचं.

आजींनी थर्मास खाली ठेवला. क्षणभर त्यांना वाटलं, राहू दे, देवाने पाहिलं तर पाहू दे. मग त्यांनी दोन्ही हात सोडवले आणि एकेक करून अंगालगत ठेवले.

सिस्टर लगबगीने आल्या.

"आजी, प्रार्थना चालू आहे."

"यांना नको असते."

"त्यांच्याच भल्यासाठी आहे ना? आणि तुम्ही तर रोज जोडता."

"माझे मी जोडते," आजी म्हणाल्या. औषधापासून चादरीपर्यंत सगळं याच लोकांच्या हातात होतं, आणि त्यांना दुखवणं परवडणारं नव्हतं. "त्यांचे त्यांनी जोडायचे. दवाखाना सरकारचा आहे, सिस्टर. इथे सगळेच येतात."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हे बोलणं कुणाचं ते. सिस्टर मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घालते म्हणाल्या आणि तोंड फिरवून गेल्या. त्या रात्री आजींना झोप लागली नाही. उद्या चादर बदलायला कुणी येईल ना, एवढाच घोर होता.

दुसऱ्या दिवशी चादर वेळेवर बदलली होती. डॉक्टर काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्पीकर सुरू झाला, मावशी खाटांच्या रांगेतून येऊ लागल्या. आजींनी नवऱ्याचा डावा हात आपल्या हातात घट्ट धरून ठेवला. मावशी थांबल्या, दोघांकडे पाहिलं, उशी सरळ केली आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

आजींनी श्वास सोडला. प्रार्थना अर्ध्यावर आली होती आणि त्यांचा एक हात अडकलेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या हात न जोडता बसल्या होत्या. चुकल्याचुकल्यासारखं होत होतं, पण हात सोडवेना.

मग तळव्यात काहीतरी हललं. कंडक्टर त्यांच्याकडेच बघत होते. ते एक बोट आजींच्या हाताला लोटत होतं. हात दुखतोय की काय म्हणून आजींनी पकड सैल केली. बोट थांबलं नाही. लोटायचं, दमायचं, पुन्हा लोटायचं. आजींचा हात त्यांच्याच मांडीवरच्या दुसऱ्या हाताच्या दिशेने सरकत होता.

शेवटच्या ओळी उरल्या होत्या. आजींनी हात जोडले आणि तेवढ्या म्हणून घेतल्या.