कुरणातल्या खुंट्या

लोविना टटलचा कोणावरच विश्वास नव्हता आणि गावच्या जमीन ट्रस्टवर तर मुळीच नव्हता. फुकटात दुसऱ्याचं भलं करायला निघालेला माणूस तिने व्हरमाँटच्या या डोंगरात उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यातून ट्रस्टची ती कोरीन पहिल्यांदा आली ती पुढच्या दाराने. पुढच्या दाराने येतात एक विमावाले, नाहीतर प्रेत न्यायला आलेले. ओळखीचं माणूस स्वयंपाकघराच्या दारानेच आत येतं.

कोरीनचं म्हणणं साधं होतं. कुरण लोविनाचंच राहणार, गवत तिचं, उद्या विकावंसं वाटलं तर विकायचीही मोकळीक. फक्त त्यावर घरं बांधायचा हक्क तिने कायमचा सोडून द्यायचा. मग पुढे मालक कोणीही होवो, कुरण ते कुरणच. खरं तर लोविनाला हेच हवं होतं. नदीपलीकडच्या उतारावर उगवलेले शहरवाल्यांचे बंगले तिला रोज भांडी घासताना खिडकीतून दिसत आणि रोज ती हातातलं भांडं जरा जास्तच जोरात घाशी. पण 'कायमचा' म्हटलं की तिचा पाय अडखळे.

तिचा मुलगा मेरिल दर रविवारी जेवायला येई आणि नेमकं तिथेच बोट ठेवी.

"आई, आज म्हणतील बांधू नका, उद्या म्हणतील चालू नका. बोट दिलं की मनगट धरणारी माणसं आहेत ती."

"तुला बरा रे जमिनीचा एवढा पुळका! गवत कापायला बोलावलं की तुझी कंबर धरते," लोविना म्हणे. पण बोलणं पटे. संशयाचं बी तिच्या मनात होतंच, मेरिल त्याला पाणी घाली.

मे महिन्यात कोरीन आधी फोन करून आली आणि कॅमेरा घेऊन हद्दीवरून हिंडून गेली. त्याच आठवड्यात, शनिवारी, लोविना मेंढ्यांचं कुंपण बघायला वर चढली आणि जागच्या जागी थबकली. ऐन कुरणात लाकडी खुंट्या ठोकलेल्या, प्रत्येकीला गुलाबी फीत. एक रांग ओढ्याकडे, एक रस्त्याकडे. सहीचा पत्ता नाही आणि वाटण्या सुरू! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकेक खुंटी हलवून हलवून तिने उपटली, सगळ्या एप्रनच्या ओच्यात भरल्या आणि गाडी थेट चर्चवर नेली. शनिवारी संध्याकाळी तिथे बीन्सचं गावजेवण असतं. कोरीन वाढायला असणार, हे तिला ठाऊक होतं.

कोरीन होतीच, हातात डाव घेऊन. लोविनाने तिच्यासमोरच्या टेबलावर खुंट्यांचा ढीग ओतला.

"घे तुझं सामान! अजून हो म्हटलं नाही मी, आणि मापं काढायला लागलीस?"

कोरीनने एक खुंटी उचलून उलटीसुलटी करून पाहिली. "लोविनाबाई, या आमच्या नाहीत."

"तर काय सशांनी ठोकल्या?"

"आम्ही दगडी बांधाच्या कडेने चालतो. कुरणाच्या मधे कशाला खुंट्या मारू? आम्हाला तुकडे पाडायचेच नाहीयेत." ती जरा घुटमळली. "मधे खुंट्या मारतो तो प्लॉट पाडणारा. आणि मोजणीवाला कोणी बोलावल्याशिवाय येत नाही."

लोविना फटकन काही बोलणार होती. पण जेवायला बसलेली माणसं आपापल्या ताटात बघत होती, नाहीतर कोपऱ्यातल्या टेबलाकडे. तिथे मेरिल मान खाली घालून जेवत होता. ज्या बीन्सना लहानपणापासून नाक मुरडायचा, त्याच चमच्यामागून चमचा तोंडात कोंबत होता.

"मेरिल?"

"नुसता अंदाज घेतला गं. किती प्लॉट पडतील एवढाच. तुला सांगणारच होतो."

"कधी? मला पुरून झाल्यावर?"

लोविना बाकावर बसली. कोणावरच विश्वास नाही म्हणता म्हणता एकावर होता, आणि तो असा निघाला. चारचौघांत रडायचं नाही म्हणून तिने दात आवळून धरले, तरी डोळे भरलेच. एप्रनने ते पुसून ती कोरीनकडे वळली.

"सही झाली की तुम्ही मोकळे?"

"छे. दर वर्षी येऊन हद्द फिरून बघावी लागते, कोणी काही बांधलंय का ते."

"मी मेल्यावर?"

"तरीही. मालक कोणी का असेना."

"माझा मुलगा असला तरी?"

कोरीनने कोपऱ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "तरीही."

"आई, अगं लोक बघतायत," मेरिल म्हणाला.

"तू बीन्स खा." लोविनाचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "पोरी, तुझ्यावर माझा अजूनही विश्वास नाही. पण सोमवारी कागद घेऊन ये. माझ्यामागे याच्यावर नजर ठेवायला कोणीतरी हवं."