ठिणग्यांची फुलं

माघातलं मलूल, पिवळसर, ताप हरवलेलं ऊन लोहारशाळेच्या पत्र्यांच्या फटींतून उतरलं. निजलेल्या भात्यावर, निःशब्द ऐरणीवर, निश्चल हातोड्यांवर नुसतं पडून राहिलं. बाहेर ऊसभरल्या ट्रॉल्या कारखान्याकडे चालल्या होत्या. आत धोंडीराम लोहार उभा होता, आणि त्याच्या मुठीत पिनेचा तुटका तुकडा होता.

ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी ती पिन त्यानंच घडवलेली. भर चढावर ती काडकन तुटली, ट्रॉली मागं घरंगळून उलटली, आणि उसाच्या मोळ्यांवर बसलेला उमाजी, त्याचा एकुलता एक उमाजी, मोळ्यांखाली चिरडून गेला. तेव्हापासून म्हाताऱ्याच्या डोळ्यांना पाणी नाही. आतलं सगळं गोठून गेलंय. रडावं म्हटलं तर तेही येत नाही.

दाराशी सून उभी होती, सगुणा. तिनं एवढंच विचारलं, "मामंजी, कुठलं लोखंड होतं ते?"

विचारणारच ती. सळयांची टोकं इथं रंगवलेली असत: मऊ लोखंडाला पांढरा, कडक पोलादाला निळा. नव्या नवरीला ही रीत कुठली ठाऊक? लग्नानंतरच्या पहिल्याच खंडेनवमीला तिनं हत्यारांना हळदकुंकू वाहिलं आणि हौसेनं सगळी टोकं लालचुटूक रंगवून टाकली. जास्वंदवर्णी, मंगलवर्णी, एकवर्णी टोकं. उमाजी पोट धरून हसला. धोंडीरामही हसला. "असू दे गं, मला हातात घेतलं की कळतंय," म्हणाला.

पिन मऊ असली तर वाकते, फारच ओझं झालं तरच तुटते. कडक असली तर झटक्यासरशी तुटते. ग्राइंडरच्या चाकाला धरलं की मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, साध्या. पोलादाच्या ठिणग्यांना टोकाटोकाला फुलं. साध्या निघाल्या, तर दोष ओझ्याचा, वाटेचा, नशिबाचा.

त्यानं ग्राइंडर सुरू केला. फुलं नकोत, तो मनात म्हणाला. एवढी एकदा फुलं नकोत.

तुकडा चाकाला लागला, आणि फुलं आली. शुभ्र, शतशाख, तेजोमय फुलं. फांदीतून फांदी फुटत, कळीतून कळी उमलत, झुबक्यांनी, घोसांनी आली. जन्मभर ज्यांचं त्याला कौतुक, तीच सुंदर, निर्दय फुलं. त्याच्या उघड्या मनगटावर ती पडत राहिली. त्याला एकही चटका कळला नाही.

सगुणानं ती पाहिली. फुलांचा अर्थ तिला उमाजीनंच शिकवला होता. तिचे ओठ हलले. "रंग मी…"

"रंग तुझा होता, पोरी," तो सपाट आवाजात म्हणाला. "पारख माझी होती. एकदा चाकाला लावून बघायचं होतं मी. नाही बघितलं."

मग त्यानं पहिली लाल सळई उचलली. सरळ ठिणग्या. सगुणा पुढं आली, पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि टोक रंगवलं. दुसरी सळई. फुलं. तिनं निळा घेतला.

ऊन भिंतीवरून कलत गेलं. चाक फिरत होतं. सासऱ्याच्या आणि सुनेच्या मधोमध फुलं उमलत होती, फुलं विझत होती, आणि काळी भुकटी होऊन दोघांच्या पायांशी निजत होती.